माया

आमच्या धंद्यात
शिवणीच्या आत जे कापड जादा सोडतात
त्याला माया म्हणतात.
बाहेरून दिसत नाही.
माणूस सुटला की शिवण उसवायची,
माया बाहेर काढायची, पुन्हा टीप मारायची.
सेलूच्या मोंढ्याच्या तोंडाशी
एकेचाळीस वर्षं मी हेच करायलो.

मापांच्या सतरा वह्या आहेत.
पहिलीत मन्मथअप्पा बिडवे, भुसार आडत: कंबर तीस.
चौथीत चौतीस. नववीत चाळीस,
आणि तिथून पुढे मी पेन्सिलीनं लिहायला लागलो,
खोडता यावं म्हणून.
पाय मात्र काटकुळेच राहिले.
अप्पा म्हणायचे, "पोट हाय म्हणून आडत्या दिसतो,
नाहीतर लोक हमाल समजतील."

मान मोजताना मला दिसायचं.
कॉलरच्या खाली, जिथं टेप वळतो,
तिथं एक काळी घडी, मखमलीसारखी.
त्यांची बायको वजरीनं घासायची,
मग लिंबू, मग बेसन, मग पुन्हा वजरी.
मळ असता तर निघाला असता.

कादरी डॉक्टर कोटाचं माप द्यायला आले
आणि माझाच टेप घेऊन माझ्याच पोटाला लावला.
"अडतीस. श्वास सोडा मास्तर.
आता खरं. एकोणचाळीस."
मग मोंढ्याकडं बोट केलं:
"सोयाबीनच्या दिवसांत गोदाम गच्च भरतं ना?
हमाल पोतं घेऊन दार वाजवतो,
आतून कडी निघत नाही.
मालक म्हणतो, आणखी हमाल लावा.
दहा लावा, वीस लावा, दार तेच.
त्या हमालाला आम्ही इन्सुलिन म्हणतो.
साखरेची पोती रस्त्यावर पडून राहतात,
आतली भरलेली पोतीही गळायला लागतात,
आणि चरबी जाऊन बसते जिथं तिची जागा नाही.
आम्ही त्याला यकृत म्हणतो,
तुम्ही काळीज."

रात्री मशीनवर बसलो तर मला माझंच सुचलं.
अंग कापणाऱ्यानंही आत माया सोडली असेल,
कुणाला दोन इंच, कुणाला अर्धा.
आमच्याकडं बहुतेक अर्धाच,
खापरपणज्याच्या उपाशी मापावर बेतलेलं कापड.
ती संपली की शिवण ताणते,
एकेक टाका सुटतो,
आवाज होत नाही.

उन्हाळ्यात अप्पांचा डावा पाय
अंबाजोगाईला काढला.
लेकानं सहा पँटी आणून टाकल्या,
"गुडघ्यातून दुमडून शिवा.
कमरेला हात लावू नका,
कंबर तेवढीच हाय."

सोमवारी लहान्यांची मीनाक्षी आली,
पोराला घेऊन. यशोदीप, सातवी.
हातात पाच रुपयाची पुडी, बोटं पिवळी.
शाळेच्या पँटीचं माप: चौतीस.
"माया भरपूर ठेवा मास्तर, वाढतं अंग हाय."
शर्टासाठी मानेला टेप लावला
तशी तीच घाईनं बोलली,
"लई घासते हो, जातच नाही.
पोरं चिडवायलेत त्याला."
पोरगं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलं.

कात्री खाली ठेवली.
"घासू नको पोरी, मळ नाही तो,"
एवढंच नीट बोलता आलं.
हमालाचं, कडीचं सगळं तोंडाशी येऊन राहिलं.
पावतीच्या मागं लिहून दिलं:
कादरी डॉक्टर. सकाळी, उपाशीपोटी.
"अन् ड्रेस? पंधरा तारखेपासून शाळा हाय."
"ड्रेस थांबतो."
मला काय कळतंय, अशी बघून गेली.

आज शनिवार.
कापड काउंटरवर घडी करून आहे,
खडूची एक रेघ नाही त्यावर.
वहीत चौतीस लिहिलंय.
पेन्सिलीनं.